कॉपी फोनवर, पेस्ट संगणकावर

जुलैचा शेवटचा आठवडा आला की कड्यासारख्या गावातल्या सेवा केंद्रांवर पीक विम्यासाठी झुंबड उडते. नगरहून आष्टीकडे जाताना लागणारं कडा हे आसपासच्या वाड्यावस्त्यांचं बाजाराचं गाव. विमा भरायला शेतकरी इथंच येतो, पण त्याच्या हातात कागद असतीलच असं आता राहिलेलं नाही. पासबुकाचा फोटो फोनमध्ये असतो, खाते क्रमांक पुण्याला कामाला असलेल्या मुलानं व्हॉट्सॲपवर टाकलेला असतो, गट नंबर तलाठ्याच्या निरोपात असतो. अर्ज मात्र संगणकावर भरायचा. फोन आणि कीबोर्ड यांच्यात हातभर अंतर, आणि एवढ्या अंतरातच माहिती चुकते किंवा भलतीकडे जाते.

चुकते ती टाइप करताना. आधारचे १२ आकडे टाइप करताना एखादा चुकला तर पोर्टल बहुधा लगेच अडवतं, कारण आधारचा शेवटचा आकडा आधीच्या ११ आकड्यांवरून गणित करून काढलेला असतो. एक आकडा बदलला किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले, तर ते गणित जुळत नाही. बँकेच्या आयएफएससी कोडात ११ अक्षरं असतात आणि त्यातलं पाचवं कायम शून्य असतं. तिथं इंग्रजी ‘ओ’ पडला की कोड सापडत नाही. खाते क्रमांकाला मात्र सगळ्या बँकांना लागू असा कोणताही पहारेकरी नाही. प्रत्येक बँकेची लांबी निराळी, रचना निराळी. एक आकडा चुकला आणि त्या आकड्याचं खातं खरोखरच अस्तित्वात असलं, तर पैसे मुकाट दुसऱ्याकडे जाऊ शकतात. म्हणून असा आकडा डोळ्यांनी वाचून बोटांनी टाइप करण्यापेक्षा कॉपी करून पेस्ट करणं कधीही चांगलं. विम्याच्या भरपाईची वाट पाहणाऱ्या माणसासाठी हा सोयीचा नाही, हक्काच्या पैशांचा प्रश्न आहे.

मग फोनवरचं संगणकावर न्यायचं कसं? बहुतेक जण जे करतात ते असं: दुकानाच्या संगणकावर व्हॉट्सॲप वेब कायमचं उघडं ठेवायचं, गिऱ्हाइकाला सांगायचं ‘या नंबरवर टाका’, आणि तिथून उचलून अर्जात चिकटवायचं. काही जण स्वतःलाच ईमेल करतात. काही जण गुगलवर ‘फोनचा क्लिपबोर्ड संगणकावर’ असं शोधून जी पहिली वेबसाइट येईल तिच्यावर मजकूर टाकतात आणि संगणकावर तीच वेबसाइट उघडून उचलतात. काम होतं यात शंका नाही. पण ईमेल टपालपेटीत वर्षानुवर्षं पडून राहतो, अनोळखी वेबसाइट कोणाची आणि ती मजकुराचं काय करते हे कळायला मार्ग नाही, आणि उघड्या व्हॉट्सॲप वेबसमोर दुकानातला कोणीही बसू शकतो. हातभर अंतरावरचा मजकूर शेकडो किलोमीटर लांबच्या सर्व्हरवर जाऊन परत येतो, आणि वाटेत त्याची एखादी प्रत मागं राहते. माझं म्हणणं साधं आहे. दोन यंत्रं एकाच टेबलावर असतील तर मजकुरानं त्या टेबलाबाहेर जायचं काही कारण नाही. ते कसं जमवायचं हे सावकाश पाहू.

आधी क्लिपबोर्ड म्हणजे काय ते. कॉपी म्हटलं की यंत्र मजकुराची एक प्रत स्मरणातल्या ठरलेल्या जागी ठेवतं आणि पेस्ट म्हटलं की तिथून काढून देतं. १९७०च्या दशकात अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टो संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत रूढ केली. तेव्हा एक माणूस, एक यंत्र असा हिशेब होता, त्यामुळे या जागेला कुलूप घालायचं कोणाच्या मनात आलं नाही. पुढे तीच रचना जशीच्या तशी आपल्या फोनमध्ये आली. अनेक वर्षं फोनमधलं कोणतंही ॲप, मागं गुपचूप चालू असलं तरी, क्लिपबोर्डवर काय आहे ते वाचू शकत असे. कॉपी केलेला पासवर्ड वाचायला टॉर्चच्या ॲपलाही मज्जाव नव्हता.

हे हळूहळू बदललं. २०१९ साली आलेल्या अँड्रॉइड १० पासून क्लिपबोर्ड वाचायची मुभा फक्त समोर उघड्या असलेल्या ॲपला आणि वापरात असलेल्या कीबोर्डला उरली. २०२० साली ॲपलच्या आयओएस १४ मध्ये एखाद्या ॲपनं क्लिपबोर्ड वाचला की पडद्यावर सूचना येऊ लागली, आणि किती नामांकित ॲप विनाकारण डोकावत होती ते लोकांना प्रथमच दिसलं. अँड्रॉइड १२ मध्येही तशी सूचना आली आणि अँड्रॉइड १३ पासून काही वेळानं, साधारण तासाभरात, क्लिपबोर्ड आपोआप रिकामा होऊ लागला. ही माहिती इतिहास म्हणून देत नाही. फोनचा क्लिपबोर्ड संगणकाशी जोडताना जी एक अडचण सगळ्यांना येते तिचं मूळ अँड्रॉइड १० मधल्या त्या बदलात आहे. तिच्याकडे पुढे येतोच.

फोन आणि संगणक यांचा क्लिपबोर्ड जोडायचे मार्ग दोन. पहिला कंपनीच्या खात्यामार्फत. विंडोज १० मध्ये २०१८ सालापासून विंडोजचं बटण आणि व्ही दाबलं की क्लिपबोर्डचा इतिहास दिसतो, आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं साइन इन करून पर्याय चालू केला तर तो त्याच खात्याच्या दुसऱ्या यंत्रांवरही जातो. अँड्रॉइड फोनवर स्विफ्टकी कीबोर्ड वापरला तर फोनही त्यात सामील होतो. हे सुटसुटीत आहे, पण मजकूर कंपनीच्या सर्व्हरमार्फत जातो. स्वतःच्या घरच्या किरकोळ कामाला मी त्याला नाही म्हणणार नाही. लोकांच्या आधार क्रमांकांसाठी मात्र म्हणेन. ॲपलचं तसं नाही. २०१६ पासून त्यांच्या फोन आणि मॅक संगणकात जी सोय आहे तिच्यात एकाच ॲपल खात्याची दोन यंत्रं ब्लूटूथवरून एकमेकांना ओळखतात आणि मजकूर जवळच्या जवळ देतात. पण दोन्ही यंत्रं ॲपलची हवीत, आणि कड्यातल्या सेवा केंद्रात बहुधा असतो तो अँड्रॉइड फोन आणि सुटे भाग जुळवून घेतलेला विंडोजचा संगणक.

म्हणून दुसरा मार्ग: दोन यंत्रांनी एकाच स्थानिक नेटवर्कवर थेट बोलायचं. यासाठी मी केडीई कनेक्ट हे सॉफ्टवेअर सुचवतो. ते मोफत आहे, त्याचा सोर्स कोड कोणालाही वाचायला खुला आहे, त्यात जाहिराती नाहीत आणि त्यासाठी कुठलंही खातं उघडावं लागत नाही. २०१३ साली गुगलच्या विद्यार्थ्यांसाठीच्या ‘समर ऑफ कोड’ उपक्रमातून ते उभं राहिलं. फोनसाठी ते प्ले स्टोअरवर आणि एफ-ड्रॉइडवर मिळतं, विंडोजसाठी मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर. लिनक्स, मॅक आणि आयफोनसाठीही आहे. आयफोनवर ॲप समोर उघडं ठेवावं लागतं, त्यामुळे तिथं मजा कमी.

स्थानिक नेटवर्क म्हणजे काय हे नीट समजलं की पुढची निम्मी डोकेदुखी वाचते. दुकानात ब्रॉडबँडचा राउटर आहे, संगणक त्याला वायरनं जोडलाय आणि फोन त्याच राउटरच्या वायफायवर आहे, तर दोघं एकाच नेटवर्कवर आहेत. राउटर त्या दोघांना बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारे घरगुती पत्ते देतो. हे पत्ते बाहेरच्या इंटरनेटवर चालत नाहीत. ते फक्त त्या राउटरच्या कुंपणातले. फोन वायफायवर नसून जिओ किंवा एअरटेलच्या डेटावर असेल तर तो कुंपणाबाहेर आहे, मग टेबलावर अगदी संगणकाला टेकून ठेवला तरी दोघांची गाठ पडणार नाही. ‘ॲप टाकलं पण संगणक दिसतच नाही’ या तक्रारीचं पहिलं कारण बहुतेक वेळा हेच निघतं.

दुसरी गोष्ट, जी फार कमी लोकांना ठाऊक असते: या कामाला इंटरनेट लागतच नाही. रेंज गेली, ब्रॉडबँड बंद पडलं, तरी राउटर चालू असेपर्यंत दोन यंत्रं आपापसात बोलत राहतात. राउटरच नसेल तर फोनचा हॉटस्पॉट चालू करून संगणक त्याला जोडावा. मग फोन स्वतःच राउटर होतो. जुळवून घेतलेल्या पुष्कळ संगणकांत वायफायचं कार्डच नसतं. अशा वेळी चार्जिंगची केबल लावून फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करावं. केबलमधून छोटं नेटवर्क तयार होतं, आणि ते तर हवेतूनही जात नाही.

आता जोडणी. दोन्हीकडे केडीई कनेक्ट उघडलं की प्रत्येक यंत्र त्या कुंपणात एक हाळी देतं: मी अमुक नावाचं यंत्र, मला इतकं इतकं करता येतं. ही हाळी १७१६ क्रमांकाच्या पोर्टवर जाते. पोर्ट म्हणजे यंत्राच्या दारांपैकी एक दार, क्रमांक घातलेलं. ज्यानं हाळी ऐकली ते यंत्र बोलावणाऱ्याशी थेट संबंध जोडतं आणि दोघांच्या पडद्यावर एकमेकांची नावं येतात. विंडोजवर पहिल्यांदा चालवताना फायरवॉल परवानगी मागतं; ती द्यावीच लागते, आणि केडीई कनेक्टला १७१४ ते १७६४ ही दारं उघडी लागतात. इथं एक खोच आहे. विंडोज नव्या नेटवर्कला बहुधा ‘पब्लिक’ समजतं आणि अशा नेटवर्कवर दारं बंद ठेवतं. यूएसबी टेदरिंग केलं की तर हमखास असं होतं. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन ते ‘प्रायव्हेट’ करावं. दुकानाच्या स्वतःच्या राउटरसाठी आणि स्वतःच्या फोनसाठी हे योग्य. बसस्थानकावरच्या किंवा लॉजमधल्या वायफायवर कधीही नाही.

एवढं करूनही नाव दिसलं नाही तर पत्ता हातानं द्यायचा. संगणकावर नेटवर्कच्या माहितीत ‘आयपीव्ही४ ॲड्रेस’ या नावापुढे १९२.१६८ अशासारखा आकडा असतो. तो फोनमधल्या केडीई कनेक्टमध्ये ‘आयपीवरून यंत्र जोडा’ या पर्यायात भरला की झालं. काही राउटरमध्ये, विशेषतः पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर, जोडलेल्या यंत्रांनी एकमेकांना पाहू नये अशी व्यवस्था असते. वसतिगृहांत आणि महाविद्यालयांत ती मुद्दाम केलेली असते, आणि शेकडो अनोळखी फोन एकत्र येतात तिथं ती हवीच. कड्यात अमोलक जैन विद्या प्रसारक मंडळाच्या महाविद्यालयामुळे विद्यार्थ्यांची वर्दळ मोठी आहे. त्यांच्यातल्या कोणाला आपला फोन आणि लॅपटॉप जोडायचा असेल तर सार्वजनिक वायफायशी झगडत बसू नये, स्वतःचा हॉटस्पॉट वापरावा.

नाव दिसलं की ‘पेअर’ दाबायचं. या क्षणी जे घडतं त्यावर सगळा खासगीपणा उभा आहे, म्हणून इथं जरा थांबू.

प्रत्येक यंत्रानं आपल्यासाठी किल्ल्यांची एक जोडी आधीच तयार करून ठेवलेली असते. एक किल्ली जाहीर, ती कोणालाही द्यायची. दुसरी गुप्त, ती यंत्राबाहेर कधीच जात नाही. अशी जोडी वापरून अनोळखी दोघांना उघड्या वाटेवर गुप्त बोलता येतं ही कल्पना व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये मांडली, आणि आज बँकेच्या वेबसाइटपासून व्हॉट्सॲपपर्यंत सगळं तिच्या पायावर चालतं. बँकेच्या वेबसाइटबाबत ती जाहीर किल्ली खरंच बँकेची आहे याची ग्वाही तिसरी एखादी संस्था देते. तुमचा फोन आणि तुमचा संगणक यांच्यासाठी मात्र अशी ग्वाही देणारं कोणी नाही. ती तुम्हीच द्यायची असते.

समजा त्याच वायफायवर तिसऱ्या कोणाचं यंत्र आहे आणि ते मध्ये घुसून फोनला म्हणतंय ‘मी संगणक’ आणि संगणकाला म्हणतंय ‘मी फोन’. दोघांनी त्याच्यावर भरवसा ठेवला तर सगळा मजकूर त्याच्या हातून जाईल आणि कोणाला पत्ता लागणार नाही. हे टाळण्यासाठी जोडणी मागताना दोन्ही पडद्यांवर एक खूण दाखवली जाते, आठ अंक-अक्षरांची. ती दोन्ही जाहीर किल्ल्या एकत्र करून गणितानं काढलेली असते. मध्ये कोणी नसेल तर दोन्हीकडे तीच खूण दिसते. कोणी असेल तर फोनला त्याची किल्ली मिळालेली असते, संगणकालाही त्याचीच, त्यामुळे दोन्ही पडद्यांवरच्या खुणा जुळत नाहीत. म्हणून ‘स्वीकारा’ दाबण्यापूर्वी आठही अक्षरं दोन्ही पडद्यांवर बोट ठेवून वाचावीत. आयुष्यात एकदाच करायचं हे काम आहे. यंत्रं त्या किल्ल्या लक्षात ठेवतात आणि पुढच्या वेळी ओळखतात. तेच नाव सांगून दुसरं कोणी आलं तरी किल्ली निराळी म्हणून त्याला आत घेत नाहीत. जोडणीनंतरचा सगळा मजकूर कुलूपबंद होऊन जातो, त्यामुळे राउटरच्या मालकालाही तो वाचता येत नाही.

जोडणी झाल्यावर पहिलं काम म्हणजे नको ते बंद करणं. केडीई कनेक्टला क्लिपबोर्डशिवाय पुष्कळ काही येतं: फोनवरच्या सूचना संगणकावर दाखवणं, एसएमएस वाचणं, फोनमधल्या फाइल्स उघडणं, फोनवरून माउस चालवणं. यांतल्या बऱ्याच गोष्टी परवानगी दिल्याशिवाय चालत नाहीत, पण माणूस घाईत सगळ्याच परवानग्या देऊन टाकतो. सूचनांची परवानगी दिली की बँकेचा ओटीपी दुकानातल्या मोठ्या पडद्यावर झळकतो, समोर चार माणसं उभी असताना. आपल्याला हवा फक्त क्लिपबोर्ड. फोनच्या ॲपमध्ये त्या संगणकाच्या नावाखाली प्लगइनची यादी असते. तिथं क्लिपबोर्ड ठेवावा, फाइल पाठवायची सोय हवी असेल तर तीही ठेवावी, बाकी सगळं बंद.

आता वापर. संगणकावर काही कॉपी केलं की ते क्षणात फोनच्या क्लिपबोर्डवर येतं. फोनवर बोट दाबून ठेवून पेस्ट करायचं. उलट्या दिशेला मात्र, म्हणजे फोनवरून संगणकाकडे, आपोआप काही जात नाही, आणि इथंच लोक ‘बिघडलंय’ म्हणून सोडून देतात. बिघडलेलं काही नसतं. वर सांगितलेला अँड्रॉइड १० मधला नियम इथं आडवा येतो: केडीई कनेक्ट मागं चालू असतं, समोर उघडं नसतं, म्हणून त्याला क्लिपबोर्ड वाचायची मुभा नाही. उपाय एका बोटाचा आहे. फोनच्या वरच्या पट्टीत केडीई कनेक्टची कायमची सूचना असते, तिच्यात ‘क्लिपबोर्ड पाठवा’ असं बटण असतं. फोनवर कॉपी करायचं, पट्टी खाली ओढायची, बटण दाबायचं, संगणकावर कंट्रोल-व्ही. हे एक जास्तीचं बोट मला आवडतं. काय पाठवायचं आणि काय नाही हे दर वेळी माणूस ठरवतो. पासवर्ड कॉपी केला म्हणून तो आपसूक दुकानाच्या संगणकावर जात नाही.

काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागं चालणारी ॲप मारून टाकतात. सकाळी चाललेलं दुपारी चालेना झालं तर फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये केडीई कनेक्टवरचे निर्बंध काढावेत.

एवढ्यानं इंग्रजी मजकुराचं आणि आकड्यांचं काम भागतं. मराठीचं मात्र स्वतंत्र प्रकरण आहे. मजकूर युनिकोडमध्ये असेल तर काहीच अडचण नाही. देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक आहे, फोनवरचा ‘क’ आणि संगणकावरचा ‘क’ एकच. त्यामुळे एक फार चांगली गोष्ट साधते. ज्याला संगणकावर मराठी टाइप करता येत नाही त्यानं फोनवर गुगलच्या जीबोर्ड या कीबोर्डच्या मराठी आवाजी टायपिंगनं मजकूर बोलावा, चुका दुरुस्त कराव्यात आणि क्लिपबोर्डनं संगणकावर न्यावा. तहसीलदारांना द्यायचा अर्ज, ग्रामसभेचा ठराव, शाळेची सूचना: कीबोर्डाची भीती बसलेली कितीतरी माणसं या वाटेनं स्वतःचा मजकूर स्वतः लिहू शकतात. मला या सगळ्या खटाटोपात सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच.

उलट बाजूला जुने फॉन्ट आहेत. कृतिदेव, श्रीलिपी यांसारख्या फॉन्टांत टाइप केलेलं पत्र संगणकावर उत्तम मराठी दिसतं, पण कॉपी करून फोनवर नेलं की इंग्रजी अक्षरांचा कचरा होतो. दोष क्लिपबोर्डचा नाही. या फॉन्टांत आत साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरंच. फॉन्ट फक्त त्यांच्या जागी मराठी चित्रं काढतो. कृतिदेवमध्ये ‘कमल’ असं दिसतं तेव्हा आत इंग्रजी डी, ई, वाय ही तीन अक्षरं असतात. क्लिपबोर्ड अक्षरं नेतो, चित्रं नेत नाही. असा मजकूर आधी संगणकावरच कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये आणावा. तो कन्व्हर्टरही संगणकावर उतरवून घेतलेला, इंटरनेटशिवाय चालणारा असावा. नाहीतर खासगी राखायला निघालेलं पत्र आपण कन्व्हर्टरच्या वेबसाइटला देऊन बसायचो. आणि रूपांतर झाल्यावर जोडाक्षरं, रफार आणि ‘ऱ्या’ एकदा वाचून घ्यावेत, बहुतेक चुका तिथंच होतात.

आकड्यांचीही एक गंमत होते. फोनचा कीबोर्ड मराठीवर असेल तर खाते क्रमांक देवनागरी आकड्यांत पडतो. माणसाला तो बरोबर दिसतो. पोर्टलला तो आकडाच वाटत नाही आणि ते त्याला ‘अवैध’ म्हणून नाकारतं. तसंच व्हॉट्सॲपवरून उचललेल्या आकड्याच्या मागंपुढं रिकामी जागा किंवा डोळ्यांना न दिसणारं एखादं चिन्ह चिकटून येतं. म्हणून असा मजकूर थेट अर्जात न टाकता आधी नोटपॅडमध्ये टाकावा, तिथं साफ करावा आणि मग न्यावा. नोटपॅड अक्षरांचा रंग, जाडी, तक्ता सगळं टाकून देतं, हे या कामी बरंच आहे. काम झालं की ती खिडकी सेव्ह न करता बंद करायची. विंडोज ११ मधलं नवं नोटपॅड न सेव्ह केलेला मजकूरही लक्षात ठेवतं, म्हणून आधी मजकूर पुसावा आणि मग बंद करावं.

मागं काय राहतं हा प्रश्न वाटेइतकाच महत्त्वाचा आहे. मजकूर सुरक्षित वाटेनं आला आणि संगणकावर तसाच पडून राहिला तर काय उपयोग? विंडोजचा क्लिपबोर्ड इतिहास चालू असेल तर शेवटच्या २५ नोंदी तिथं साठतात. दिवसभरात आलेल्या माणसांचे आधार आणि खाते क्रमांक विंडोज-व्ही दाबणाऱ्या कोणालाही एका रांगेत दिसतात. संगणक रीस्टार्ट केला की पिन न केलेल्या नोंदी जातात, पण सेवा केंद्राचा संगणक रोज रीस्टार्ट होतोच असं नाही. लोकांची कागदपत्रं हाताळणाऱ्या संगणकावर हा इतिहास बंदच असावा, आणि ‘सर्व यंत्रांवर सिंक’ हा पर्यायही. फोनवर जीबोर्डचा क्लिपबोर्ड चालू असेल तर तो तासाभरानं नोंदी पुसतो, पिन केलेल्या सोडून. इतर काही कीबोर्ड तर आपणहून काहीच पुसत नाहीत, महिन्यापूर्वीचा मजकूरही त्यांच्यात सापडतो. आपल्या कीबोर्डवरचं क्लिपबोर्डचं चिन्ह दाबून आत काय काय साठलंय ते आजच पाहावं.

एक पथ्य मात्र काटेकोर पाळायला हवं: गिऱ्हाइकाचा फोन दुकानाच्या संगणकाशी कधीही पेअर करायचा नाही. पेअरिंग हे आपल्या स्वतःच्या दोन यंत्रांमधलं कायमचं नातं आहे. गिऱ्हाइकाकडून एकदाच काही घ्यायचं असेल तर लोकलसेंड हे दुसरं मोफत, खुलं सॉफ्टवेअर आहे. तेही स्थानिक नेटवर्कवरच चालतं, मजकूर आणि फाइल दोन्ही पाठवतं, आणि समोरच्यानं ‘स्वीकारा’ म्हटल्यावर एवढाच एक व्यवहार होऊन संपतो. पण त्यासाठी गिऱ्हाइकाला दुकानाच्या वायफायवर घ्यावं लागतं आणि त्याच्या फोनमध्ये ॲप टाकावं लागतं. रांगेत उभ्या असलेल्या सत्तरीच्या माणसाला हे सांगणं बरोबर नाही. त्याच्या फोनचा पडदा पाहून आकडा टाइप करावा आणि त्याच्यासमोर दोनदा वाचून दाखवावा. तिथं तीच रीत योग्य.

आणि हे सगळं जवळच्या माणसांसाठी झालं. आष्टी तालुक्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मागं राहिलेल्या आईबापांना रेशनसाठी, अनुदानासाठी, मुलांच्या शाळेसाठी त्यांचा एखादा आकडा लागतोच. फडावरून कड्यापर्यंत स्थानिक नेटवर्क नाही, तिथं व्हॉट्सॲपच कामाला येणार, आणि ते वापरायला हरकत नाही: २०१६ पासून त्यावरचे निरोप पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या फोनखेरीज, आणि त्या फोनला जोडलेल्या यंत्रांखेरीज, कुठं उघडत नाहीत. धोका निरोपाच्या वाटेवर नसून दोन्ही टोकांना असतो. दुकानाच्या संगणकावर उघडं राहिलेलं व्हॉट्सॲप वेब हे असं एक टोक. फोनमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडून ओळखीचं नसलेलं प्रत्येक यंत्र तिथून काढून टाकावं. दुसरं टोक म्हणजे गुगल ड्राइव्हवर जाणारा बॅकअप. त्यालाही कुलूप घालायची सोय २०२१ पासून आहे, पण ती आपण चालू करावी लागते. आणि आकडा पोहोचला, अर्ज भरला, की तो निरोप दोन्हीकडून डिलीट करावा. आधारची प्रत पाठवायची असेल तर जिथं चालेल तिथं मास्क केलेलं आधार पाठवावं, ज्यात फक्त शेवटचे ४ आकडे दिसतात. आधार देणाऱ्या युआयडीएआयच्या वेबसाइटवरून ते उतरवून घेता येतं.

शेवटचं काम जोडणी मोडायचं. फोन विकला, दुरुस्तीला दिला, केंद्रातला मुलगा काम सोडून गेला, संगणक बदलला, तर केडीई कनेक्टमध्ये त्या यंत्राच्या नावावर जाऊन ‘अनपेअर’ करावं. फोन हातात नसेल तर संगणकाकडून केलं तरी चालतं: संगणक त्या फोनची किल्ली विसरला की तो फोन पुन्हा त्याच वायफायवर आला तरी संगणकाला परका ठरतो, आणि आठ अक्षरांची खूण नव्यानं जुळवल्याशिवाय त्याला आत प्रवेश नसतो.